काटा हलत नव्हता, आणि बिघाड तिथेच होता

सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा ब्लोअर, बसवलेल्या पेट्रोल पिकअपमध्ये फ्युएल प्रेशर किती हवं, असं कुणी विचारलं तर आता मी आधी एवढंच विचारतो: कुठल्या क्षणी? गाडी आयडलला उभी असताना, सपाट रस्त्यावर हलक्या पायाने चालताना, की मागे ट्रेलर लावून चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना? या तिन्ही वेळी गेजवर वेगवेगळा आकडा दिसतो, आणि माझ्या गाडीसारख्या सिस्टिममध्ये तो वेगवेगळा दिसायलाच हवा. हे लिहून काढतोय, कारण नेमकं हे न कळल्यामुळे चांगले पंप भंगारात जातात आणि चांगल्या इंजिनांचे पिस्टन फुटतात.

माझी पिकअप जुनी घेतलेली. व्ही-८ पेट्रोल इंजिन, इंधन फवारणारे इंजेक्टर इनटेक पोर्टमध्ये, आणि सिलिंडरच्या दोन ओळींच्या मधल्या दरीत बसवलेला रूट्स पद्धतीचा ब्लोअर. बूस्ट, म्हणजे ब्लोअर बाहेरच्या हवेपेक्षा जास्त चढवतो ते प्रेशर, ८ पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच). रिकामी चालवली तर तक्रारीला जागाच नाही. सिग्नलवरून निघताना अशी झेप घेते की पाठ सीटला टेकते. दुखणं दिसायचं ते ओझ्याखाली. मागे ट्रेलर, समोर लांब चढ, इंजिन तापलेलं, पाय तळाशी. अशा वेळी बॉनेटखालून बारीक टणटण ऐकू यायची, डब्यात खडे हलवल्यासारखी, आणि दोन-चार सेकंदांत गाडी दम टाकायची. डॅशबोर्डवर दिवा नाही, स्कॅनरवर कोड नाही.

टणटण म्हणजे नॉकिंग. स्पार्कने पेटवलेली ज्वाला पोहोचायच्या आत कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप पेट घेतं आणि दाबाचा हातोडा पिस्टनवर बसतो. ब्लोअर नसलेलं इंजिन हे काही काळ सोसतं. ब्लोअर असलेल्या इंजिनात सिलिंडरमध्ये मुळातच जास्त हवा कोंबलेली असते, उष्णता जास्त असते, आणि रिंगांच्या मधल्या पिस्टनच्या कडा तुटायला फार वेळ लागत नाही. त्यामुळे कारण सापडेपर्यंत ट्रेलर बंद, हे पहिल्या दिवशीच ठरवलं.

सुरुवातीच्या तपासण्या भराभर सांगतो. स्पार्क प्लग काढून पाहिले: चिनीमाती जास्तच पांढरी, म्हणजे मिश्रण लीन (हवा जास्त, इंधन कमी) जात असल्याची शंका. कॉइल ठीक, ब्लोअरचा बेल्ट घट्ट, हवेचा फिल्टर स्वच्छ. स्कॅनरवर आयडल आणि क्रूझचे फ्युएल ट्रिम, म्हणजे इंधनातल्या दुरुस्तीचे टक्के, शून्याच्या आसपास. हे ट्रिमचं प्रकरण महत्त्वाचं आहे. हलक्या पायाने चालताना ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) ऑक्सिजन सेन्सरकडे बघून इंधन कमी-जास्त करत असतो, त्यामुळे तिथली चूक तो स्वतःच झाकून घेतो. पाय पूर्ण दाबला की माझ्या गाडीचा ईसीयू सेन्सरकडे बघणं सोडतो आणि आपल्या तक्त्यातल्या आकड्यांवर विसंबून इंधन देतो. तक्ता बरोबर असला तरी इंजेक्टरमधून प्रत्यक्षात तेवढं इंधन पडतंय का, हे तेव्हा कुणीच तपासत नसतं. म्हणून एक्झॉस्टमध्ये हवा-इंधनाचं प्रमाण मोजणारा वाइडबँड सेन्सर बसवून घेतला. पूर्ण ओझ्याखाली ईसीयू ११.८ भाग हवेला १ भाग इंधन मागत होता आणि सेन्सर दाखवत होता १३.२. सुपरचार्ज्ड इंजिनात बूस्टखाली १३.२ म्हणजे धोक्याची घंटा.

इंधन कमी पडतंय, इथवर वाद नव्हता. साहजिकच बोट पंपाकडे गेलं. गाडी एका गॅरेजमध्ये दाखवली. तिथे रेलच्या (इंजेक्टरना इंधन वाटणाऱ्या नळीच्या) टेस्ट पोर्टला गेज लावलं, इंजिन आयडलला ठेवलं: ३१ पीएसआय. रेलचं प्रेशर सांभाळणाऱ्या रेग्युलेटरवरची व्हॅक्यूमची नळी उपटली: ४०. परत लावली: ३१. कंपनीच्या मॅन्युअलमध्येही नळी काढल्यावर ४०च हवं असं लिहिलेलं. "प्रेशर एकदम ओके," असा निर्वाळा मिळाला. आयडलपुरता तो खराही होता.

पण दुखणं आयडलचं नव्हतं, म्हणून गेज रस्त्यावर न्यायचं ठरवलं. इथे एक गोष्ट ठासून सांगतो: पेट्रोल भरलेली गेजची नळी कधीही केबिनमध्ये आणायची नाही. जोड सुटला तर अंगावर आणि तापलेल्या इंजिनावर पेट्रोलची फवार उडते. मी लांब होजचं गेज बॉनेटच्या मागच्या फटीतून बाहेर काढलं, समोरच्या काचेवर बाहेरच्या बाजूने टेपने पक्कं चिकटवलं आणि वर वायपरचा दांडा टेकवला. होज एक्झॉस्टपासून आणि बेल्टपासून लांब बांधली, जोड कोरडे आहेत ना हे इंजिन चालू ठेवून बघितलं, अग्निशामक सीटशेजारी ठेवला. शेजारी बसायला माझा एक जुना मित्र आला. इंजिन ट्यूनिंगमध्ये त्याची हयात गेली आहे. आकडे वाचायचं काम त्याचं, चालवायचं माझं.

मोकळ्या चढावर पाय दाबला. बूस्ट गेज ८ वर गेलं. काचेवरचा काटा ४० वर आला आणि तिथेच राहिला. थरथर नाही, घसरण नाही. वर पोहोचल्यावर मी म्हणालो, "पंप तर मजबूत दिसतोय."

"काटा हलला का?" त्याने विचारलं.

"नाही. अगदी स्थिर होता."

"मग तेच तर. बूस्ट आठने वाढला आणि काटा जागचा हलला नाही. अठ्ठेचाळीस दिसायला हवं होतं."

बाजूला गाडी लावून त्याने वहीत तीन रकाने आखले: रेलचं प्रेशर, मॅनिफोल्डचं (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या पोकळीचं) प्रेशर, आणि पहिल्यातून दुसरं वजा केल्यावर उरतं ते. तिसऱ्या रकान्याकडे बघायला मी त्या दिवशी शिकलो.

गोष्ट अशी आहे. इंजेक्टर हा रेल आणि मॅनिफोल्ड यांच्यामधला झडपेचा दरवाजा. एका बाजूने रेलमधलं इंधन रेटतं, दुसऱ्या बाजूने मॅनिफोल्डमधली हवा रेटते. एकाच दाराला दोघं दोन बाजूंनी रेटत असतील तर दार किती जोराने सरकेल हे एकट्याच्या ताकदीवर ठरत नाही, दोघांमधल्या फरकावर ठरतं. आयडलला मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम असतो. माझ्या गाडीत साधारण १८ इंच पारा, म्हणजे जवळजवळ ९ पीएसआय ओढ. ही ओढ इंजेक्टरच्या तोंडातून इंधन ओढून घ्यायला मदतच करते. रेलमध्ये ३१ आणि वरून ९ ची ओढ, फरक ४०. बूस्टमध्ये उलट होतं. मॅनिफोल्डमधली हवा ८ ने विरोध करते. रेलमध्ये ४०च राहिलं तर फरक उरतो ३२. रेल ४८ वर गेली तरच फरक पुन्हा ४०.

रेग्युलेटरवरची ती करंगळीएवढी नळी याचसाठी असते. रेग्युलेटरमध्ये एक पडदा असतो. त्याच्या एका बाजूला रेलचं इंधन, दुसऱ्या बाजूला स्प्रिंग आणि त्या नळीतून येणारं मॅनिफोल्डचं प्रेशर. स्प्रिंग ४० ठरवते, नळी त्यात मॅनिफोल्डचा हिशेब मिळवते किंवा वजा करते. एकास एक. जादा इंधन रिटर्न लाइनने टाकीत परत जातं. यात ईसीयूचा काही संबंध नसतो, आणि हीच खरी मेख आहे. माझ्या गाडीच्या ईसीयूला रेलमध्ये किती प्रेशर आहे हे कळण्याचा मार्गच नाही. तसा सेन्सरच नाही. इंजेक्टरच्या दोन्ही बाजूंमधला फरक कायम ४० आहे असं धरूनच तो इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा हे ठरवतो.

फरक ४० वरून ३२ झाला की इंधन किती कमी पडतं? इंजेक्टरमधून जाणारं इंधन प्रेशरच्या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतं. ३२ भागिले ४० म्हणजे ०.८, त्याचं वर्गमूळ ०.८९४. म्हणजे साडेदहा टक्के इंधन कमी. आता ईसीयूने मागितलेलं ११.८ घ्या आणि ०.८९४ ने भागा: १३.२. वाइडबँड नेमका हाच आकडा दाखवत होता. वहीत हा भागाकार जुळला तेव्हा इतका आनंद झाला की मी तो परत एकदा करून बघितला. प्लग, कॉइल, पंप, इंजेक्टर, सगळ्यांवरचा संशय एका भागाकाराने दूर झाला.

मग प्रश्न उरला: आयडलला नळी काम करते आणि बूस्टमध्ये करत नाही, हे कसं? नळी फाटली असती तर आयडललाही ३१ दिसलं नसतं. आधी रेग्युलेटरच तपासला. त्याची नळी काढून नाकाशी धरली, पेट्रोलचा वास नाही, आत ओल नाही, म्हणजे पडदा फाटलेला नाही. मग नळीच्या जागी हाताने दाबायचा छोटा एअर पंप जोडला आणि इंजिन आयडलला ठेवून हळूहळू हवा भरली. पंपावर २ आलं, रेल ४२. पंपावर ५, रेल ४५. पंपावर ८, रेल ४८. काटा हवेच्या मागोमाग चढत गेला. रेग्युलेटर ठणठणीत. त्याच्यापर्यंत बूस्टची बातमीच पोहोचत नव्हती.

नळी बोटाने चाचपत मागे गेलो. ब्लोअरच्या मागच्या अंगाला, वायरिंगच्या गुंडाळीखाली, एक प्लॅस्टिकचा टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड. रबर तिथे कडक झालेलं, टोकाला चकाकी आलेली. टीचा एक फाटा रेग्युलेटरकडे, दुसरा बायपास (ब्लोअरला वळसा घालणारा हवेचा रस्ता) उघडबंद करणाऱ्या ॲक्च्युएटरकडे, आणि मूळ नळी थ्रॉटल बॉडी (ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप) आणि ब्लोअर यांच्या मधल्या जागेत लावलेली. आधीच्या मालकाकडे असताना ब्लोअर एकदा उतरवून परत बसवला गेला होता. तेव्हा कुणीतरी जवळचा नोझल बघून हा टी टाकला असणार.

या प्रकारच्या मांडणीत हवेचा रस्ता असा: आधी थ्रॉटल, मग ब्लोअरचे रोटर, मग खालचं मॅनिफोल्ड, मग व्हॉल्व्ह. बूस्ट तयार होतो तो रोटरच्या पुढे, खालच्या मॅनिफोल्डमध्ये. थ्रॉटल आणि रोटर यांच्या मधल्या जागेत बूस्ट कधीच नसतो. पाय पूर्ण दाबला की तिथे बाहेरच्या हवेएवढंच प्रेशर असतं, म्हणजे गेजच्या भाषेत शून्याच्या आसपास. बायपास ॲक्च्युएटरला नेमकं हेच हवं असतं. हलक्या पायाला व्हॅक्यूम मिळाला की तो बायपास उघडा ठेवतो आणि ब्लोअरवरचं ओझं कमी करतो. पाय दाबला, व्हॅक्यूम गेला, की बायपास बंद आणि बूस्ट सुरू. त्याच्यासाठी ती जागा योग्यच. रेग्युलेटरसाठी तीच जागा घातक.

आणि आयडलला फरक का कळला नाही याचं उत्तरही बायपासमध्येच आहे. आयडलला बायपास उघडा असतो, त्यामुळे रोटरच्या अलीकडचा आणि पलीकडचा व्हॅक्यूम जवळपास सारखाच. नळी कुठेही लावा, ३१ दिसणारच. गॅरेजमधली तपासणी याचमुळे दर वेळी पास होत होती. सुपरचार्ज्ड इंजिनाचं फ्युएल प्रेशर उभ्या गाडीत तपासून पूर्ण होत नाही, हे माझं ठाम मत त्या टीने बनवलं.

नवी नळी घेतली, बूस्ट सहन करणारी, आणि दोन्ही टोकांना क्लिप लावल्या. व्हॅक्यूम नळीला घट्ट ओढून धरतो, बूस्ट तिला ढकलून काढतो. म्हणून इथे क्लिप हवीच. खालच्या मॅनिफोल्डवर बूस्ट गेजसाठी जो नोझल होता तिथून रेग्युलेटरसाठी स्वतंत्र फाटा काढला. बायपासची नळी तिच्या जागी एकटी राहू दिली.

पुन्हा चढ, पुन्हा काचेवर गेज. या वेळी काटा बूस्टच्या जोडीने उठला: ४३, ४५, ४८. टणटण नाही. वाइडबँड ११.८. मित्र मोठ्याने आकडे वाचत होता आणि ४२०० आरपीएमच्या पुढे गेल्यावर त्याचा आवाज बदलला. ४७, ४६, ४४. ५२०० ला ४३. बूस्ट तिथेच ८ वर. मी पाय उचलला.

हे नवं दुखणं नव्हतं, आधीपासून लपलेलं होतं. आधी पंपाला ४० पीएसआयच्या विरोधात इंधन ढकलावं लागत होतं आणि ते कमीही लागत होतं. आता ४८ च्या विरोधात, आणि जवळजवळ बारा टक्के जास्त. पंप जितक्या जास्त प्रेशरच्या विरोधात ढकलतो तितकं त्याच्यातून कमी इंधन निघतं, हा सगळ्याच पंपांचा स्वभाव. वरच्या आरपीएमला इंजिन जेवढं पितं तेवढं पंप पुरवू शकत नव्हता, रेग्युलेटरची रिटर्न बाजू पूर्ण बंद होऊनही. फरक ३५, इंधन साडेसहा टक्के कमी. वाइडबँडवर १२.६ दिसलंच.

इथे सरळ मोठा पंप घ्यायचा सल्ला मिळतो. इंधनाचा फिल्टर नवा होता, म्हणून तो बाजूला ठेवला. पंप बदलण्याआधी त्याला पोटभर वीज मिळते का ते बघायचं ठरवलं. इंधनाचा पंप म्हणजे शेवटी मोटर. व्होल्टेज पडलं की वेग पडतो, वेग पडला की इंधन पडतं. इंजिन बंद असताना पंपाच्या कनेक्टरला मागून पिना लावून लांब वायरी केबिनमध्ये आणल्या, टाकीजवळ कुठे उघडं टोक राहणार नाही याची काळजी घेतली, आणि पुन्हा तोच चढ चढलो. बॅटरीवर १३.९ व्होल्ट. पंपावर ११.९. दोन व्होल्ट वाटेत गडप.

कुठे गडप झाले हे शोधायची पद्धत फार सुंदर आहे, आणि ती पंप चालू असतानाच करायची. बंद सर्किटमध्ये गंजलेला जोडसुद्धा मीटरवर चांगला दिसतो. करंट वाहायला लागला की त्याचं खरं रूप कळतं. मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसला, दुसरी पंपाच्या प्लसला: ०.४ व्होल्ट. एक पिन बॅटरीच्या मायनसला, दुसरी पंपाच्या अर्थला: १.६. म्हणजे दोष अर्थमध्ये. वायर धरून मागे गेलो तर चासीवर तिचा बोल्ट हिरव्या-पांढऱ्या बुरशीने भरलेला, आणि लगखाली (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली) गंजाचा थर. बोल्ट काढला, जागा चकचकीत धातू दिसेपर्यंत घासली, जाड वायर आणि नवा लग टाकला, वरून ग्रीस. पुन्हा मोजलं: अर्थकडचा तोटा ०.१. पंपावर १३.४.

त्यानंतरच्या चढाईत काटा ४८ वर चढला आणि ५२०० आरपीएमपर्यंत ४८ ते ४७ मध्ये राहिला. वाइडबँड ११.८, कधी ११.९. स्कॅनरवर नॉकमुळे स्पार्कचं टायमिंग मागे ओढलं जात होतं ते शून्यावर आलं. पंप तोच, इंजेक्टर तेच.

मधल्या काळात एकाने सुचवलं होतं की ॲडजस्टेबल रेग्युलेटर बसव आणि बेस प्रेशर ५० कर. याच्या मी विरोधात आहे. वर्गमुळाचा हिशेब इथेही लागू होतो: प्रेशर दुप्पट केलं तरी इंधन ४१ टक्केच वाढतं, आणि पंपावरचा भार मात्र वाढत जातो. शिवाय ईसीयूच्या तक्त्यातला इंजेक्टरचा आकडा बदलला नाही तर आयडलपासून सगळीकडे मिश्रण रिच (इंधन जास्त) होतं, ट्रिम उणे धावतात, आणि मूळ दोष तसाच झाकला जातो. ब्लोअरच्या बेल्टची लहान पुली टाकून बूस्ट वाढवणाऱ्यांनी तर हे आधी बघावं. रूट्स ब्लोअर दर फेरीला ठराविक हवा पुढे ढकलतो. ईटन कंपनीच्या एम-११२ ब्लोअरमध्ये ती ११२ घनइंच, म्हणजे सुमारे १.८ लिटर. पुली लहान केली की फेऱ्या वाढतात, हवा वाढते, आणि इंजेक्टर उघडे राहण्याची वेळ वाढत जाते. ती उपलब्ध वेळेच्या ८५ टक्क्यांच्या वर गेली तर मोठे इंजेक्टर आणि नवं ट्यूनिंग हाच रस्ता; प्रेशर चढवणं नव्हे.

प्रत्येक गाडीला हा हिशेब जसाच्या तसा लावू नका, हेही सांगायला हवं. काही गाड्यांमध्ये रेग्युलेटर टाकीतच असतो, रिटर्न लाइन इंजिनपर्यंत येतच नाही, आणि रेलचं प्रेशर मुद्दामच स्थिर ठेवलेलं असतं. पोर्ट इंजेक्शनच्या बऱ्याच व्ही-८ मध्ये ५८ पीएसआय. तिथे मॅनिफोल्डच्या प्रेशरप्रमाणे इंजेक्टरचा प्रवाह कसा बदलतो याचा तक्ता ईसीयूमध्ये दिलेला असतो, म्हणून स्थिर काटा तिथे बरोबर. आणखी काहींमध्ये रेलवर सेन्सर असतो आणि ईसीयू पंपाचा वेगच कमी-जास्त करतो. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोलचं प्रेशर हजारो पीएसआयत असतं, डिझेल कॉमन रेलमध्ये त्याहून कितीतरी वर. तिथे हे साधं गेज लावायचं धाडस कुणी करू नये. गेज जोडायच्या आधी आपल्या गाडीत यातली कुठली सिस्टिम आहे हे मॅन्युअलमध्ये बघून घ्यावं.

काचेवरचं गेज मी काढून टाकलं आणि रेलवर इलेक्ट्रिक सेंडर बसवला. केबिनमध्ये फक्त वायर येते, पेट्रोल येत नाही. त्याच्या शेजारी बूस्ट गेज. ट्रेलर लावून निघालो की पहिल्या मोठ्या चढावर दोन्हींकडे नजर टाकतो आणि मनात वजाबाकी करतो. ४० आलं की पाय तसाच ठेवतो. ३७ च्या खाली आलं तर पाय उचलायचा आणि आधी अर्थचा बोल्ट, मग इंधनाचा फिल्टर, मग पंप, हा क्रम ठरलेला आहे.